स्वस्त, पण सापडत नाही : शिवराईच्या मागावर

दुर्मिळ म्हणजे महाग, असं आपण सगळेच धरून चालतो. जुनी नाणी जमवतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडचं सगळ्यात महाग नाणं कोणतं?" सगळ्यात जास्त शोधायला लागलेलं कोणतं, हे कोणी विचारत नाही. पण या छंदात थोडे दिवस काढले की कळतं, किंमत आणि दुर्मिळता या दोन वेगळ्याच भानगडी आहेत. नाणी किती उरली यावर दुर्मिळता ठरते आणि त्यांच्या मागे किती लोक लागलेत यावर किंमत.

एक उदाहरण देतो. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. त्यावर राजाच्या पोशाखावरच्या साखळीत एक बारीकसा हत्ती आहे. तो लोकांना दिसला डुकरासारखा! बोभाटा झाला आणि सरकारने नाणं मागे घेतलं. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर पडले, उरलेले वितळवले. आता ७ लाख हा आकडा काही लहान नाही. पण गोष्ट मजेदार आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येक संग्राहकाला तो हवा असतो आणि किंमत चढीच राहते. पैसे असतील तर मात्र 'डुक्कर रुपया' मिळवणं अवघड नाही. दुकानात जा, पैसे टाका, घेऊन या.

मला ओढ आहे ती बरोब्बर उलट्या टोकाच्या नाण्यांची. पैसे नेऊन उपयोग नाही, कारण किंमत फारशी नाहीच. काहीशे रुपयांचा मामला. पण हवं ते मिळायला वर्षं जातात. या जातीचं माझं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे शिवराई. आठवडाभर लॉगफाइली वाचून पोट भरायचं आणि शनिवार-रविवारी तांब्याच्या या जुन्या लॉगफाइली वाचायच्या, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा उद्योग आहे.

आता शिवराई म्हणजे काय ते थोडक्यात. तांब्याचा जाड, ओबडधोबड गोल पैसा. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति'. भोवती ठिपक्यांची गोल कड. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या निमित्ताने महाराजांनी हीच अक्षरं घालून सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली असं मानलं जातं. होन म्हणजे तीन ग्रॅमपेक्षा किंचित हलकी, नखाएवढी सोन्याची टिकली. अस्सल होन अगदी मोजके उरलेत. ते बघायचे ते संग्रहालयात किंवा लिलावाच्या कॅटलॉगात, आणि किंमत वाचून पान उलटायचं. तो विषय आपल्यासारख्या पगारदार माणसाने तिथेच सोडलेला बरा.

शिवराईचं तसं नाही. ती बाजारात चालली, पिढ्यान्‌पिढ्या चालली, म्हणून आजही हाताला लागते. गंमत अशी की होनापेक्षा शिवराईच मराठी राज्याबद्दल जास्त सांगते असं माझं मत आहे. होन सामान्य माणसाने क्वचितच हाताळला असेल. बाजारात मीठमिरची घ्यायची, तेल घ्यायचं, तर लागायचा पैसा. आणि त्या पैशावर देवनागरी अक्षरं होती. पुढे पेशवाईत मराठ्यांच्या टांकसाळींतून जे चांदीचे रुपये निघाले ते बहुतेक मुघल बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांत निघाले, अगदी पुण्याचा अंकुशी रुपयासुद्धा. कारण व्यवहारातलं होतं. सराफाला ओळखीचं नाणं लागतं. नवीन तोंडवळ्याचा रुपया दूरच्या बाजारात नेला की त्याला बट्टा लागायचा. ('नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो हाच बट्टा!) तांब्याचा पैसा सहसा आपल्याच मुलखात फिरायचा, त्याला दिल्लीच्या शिक्क्याची गरज नव्हती. त्यामुळे शेदीडशे वर्षांनंतरही त्यावर नाव राहिलं ते 'श्री राजा शिव' हेच.

नाण्यांच्या बाबतीत महाराजांचं धोरण किती व्यवहारी होतं याचा एक चांगला पुरावा इंग्रजांच्याच कागदांत आहे. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता, तहाची कलमं घेऊन. आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत, असं एक कलम होतं. त्यावर उत्तर मिळालं ते साधारण असं, की आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायला आम्ही तिला भागही पाडणार नाही. तुमचं नाणं मुघलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनदार असेल तर चालेल. म्हणजे कोणाचा शिक्का आहे ते नंतर, आधी धातू आणि वजन. ज्या राजाच्या नावाचं नाणं नुकतंच पाडलं जात होतं त्याच्याच दरबारातलं हे उत्तर आहे हे लक्षात घेतलं की आणखी मजा येते.

असो. आता मूळ मुद्दा. शिवराया जर एवढ्या उरल्या आहेत, तर शोधायचं काय?

तर शोधायची अक्षरं! शिवराई हाताने पाडायचे. तांब्याचा ठराविक वजनाचा तुकडा घ्यायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. यात अडचण अशी की ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर चकतीवर मावतच नाही. घाव जरा डावीकडे सरकला तर 'शिव' अर्धा बाहेर, वर सरकला तर 'श्री' आहे पण खाली फक्त वेलांटीचं शेपूट. ठिपक्यांची कड तर एखाद्या बाजूलाच दिसते, आणि बहुतेक वेळा तीही नाही. शिवाय शंभर-दीडशे वर्षं हातोहात फिरून झालेली झीज वेगळीच. सगळी अक्षरं आणि पूर्ण कड असलेली शिवराई म्हणजे अगदी योगायोगाची गोष्ट.

विकणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं. २००० च्या दशकात पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरायचा. तिथे एक म्हातारे गृहस्थ गोणपाटावर कुलपं, अडकित्ते, पितळी फुल्या मांडून बसायचे आणि एका कोपऱ्यात तांब्याच्या पैशांचा ढीग असायचा.

"काका, ही कशी दिली?"

"ह्यातली कुठलीबी घ्या, पन्नास. ती वायली ठेवलेली दोनशेला."

"तिच्यात काय एवढं?"

"तिच्यावर शिव वाचता येतंय ना साहेब. ह्यांच्यावर नुसतं राजा."

नाण्यांवरची मोठमोठी पुस्तकं नंतर वाचली, पण शिवराईच्या बाजारभावाचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला कुठे मिळालं नाही. सगळ्या नाण्यांत तांबं तेवढंच, वय कदाचित तेवढंच, पण दर अक्षरामागे लागतो. 'राजा' स्वस्त, कारण तो मधल्या ओळीत असतो आणि घाव कसाही बसला तरी उमटतो. 'शिव' तळाला असतो, तो निसटतो. म्हणून 'शिव' महाग.

माझी यादी मात्र काकांच्या ढिगातून तयार झाली, वेगळ्या ठेवलेल्यांतून नाही. कारण 'शिव' हा शब्दच कारागिरांनी नाना तऱ्हांनी कोरलाय. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. 'छत्रपति' तसंच 'छत्रपती'. त्या काळी शुद्धलेखनाचे नियम असे काही ठरलेले नव्हतेच, आणि रोजचं लिहिणं मोडीत होतं. बालबोध अक्षरं उलटी कोरून ठसा करणारा माणूस सोनार-लोहारांपैकी, त्याच्यापुढे कोणीतरी नमुना ठेवायचा आणि तो चित्र काढल्यासारखी अक्षरं काढायचा. काही पैशांवर तर अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी उमटली आहेत, म्हणजे पठ्ठ्याने ठशावर सरळच कोरली होती. एखाद्या शिकाऊ प्रोग्रॅमरचा कोड थेट प्रॉडक्शनला गेल्यासारखं! आणि तो चाललाही, कारण बाजाराने अक्षर नाही, वजन बघितलं.

मग 'दुदांडी' आली. पेशवाईतल्या पैशांवर ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा, म्हणजे दांड्या, असतात. त्यावरून हे नाव. या दांड्यांच्या आजूबाजूला कधी फूल, कधी चंद्र-सूर्य, कधी त्रिशूळ, कधी पान अशी चिन्हं. चिन्ह नाण्याच्या काठाला असलं तर ते चकतीवर येण्याची शक्यता आणखी कमी. त्यात अर्धी शिवराई हा प्रकार आहे, निम्म्या वजनाची. वर्षभर ढीग उपसावेत तेव्हा एखादी दिसते, आणि विकणाऱ्याने बारीक, झिजलेला पैसा म्हणून ती स्वस्तातच लावलेली असते. दुर्मिळ पण स्वस्त म्हणतात ते हेच. किंमत कमी, कारण कोणी मागत नाही. आणि कोणी मागत नाही, कारण वेगळं काही आहे हे बघायला कोणी बसत नाही.

आता माझ्या पेशातल्या माणसाला या सगळ्यात काय दिसतं ते सांगतो. प्रत्येक शिवराई म्हणजे एका मोठ्या फाइलचा तुटका तुकडा. पूर्ण फाइल, म्हणजे ठसा, केव्हाच नष्ट झाला. पण त्या एका ठशाने कितीतरी पैसे पाडले, आणि प्रत्येकावर त्याचा थोडा वेगळा भाग उमटला. म्हणजे एकाच ठशाचे पुरेसे तुकडे मिळाले तर अख्खा ठसा परत जुळवता यायला हवा. नाणेशास्त्राचे अभ्यासक ठशांवरून नाण्यांची नाती लावण्याचं काम फार पूर्वीपासून करत आलेत, मी काही नवीन शोध लावला नाही. फक्त त्यांच्याकडे ग्रीक-रोमन चांदीची नाणी असतात आणि माझ्याकडे काकांच्या गोणपाटावरचा पन्नास रुपयांचा माल.

दोन पैसे एकाच ठशाचे आहेत हे ओळखायचं कसं? अक्षराच्या वळणावरून अंदाज येतो, पण खात्री पटते ती ठशातल्या दोषावरून. ठशाचा कपचा उडाला की तिथे खळगा पडतो आणि प्रत्येक नाण्यावर त्या जागी तांब्याची बारीक गाठ उठते. माझ्याकडच्या एका शिवराईवर 'राजा'तल्या 'रा'च्या कान्याला चिकटून अशी एक तिरपी गाठ होती. त्या नाण्यावर वरचा अर्धा 'श्री' आणि अख्खा 'राजा', बस. तीनेक वर्षांनी साताऱ्याच्या एका मोडवाल्याकडे पैसे चाळताना तीच गाठ, तोच कोन. या नाण्यावर 'श्री' नव्हता, पण खाली 'स'ची सुरुवात स्पष्ट होती. तालव्य नव्हे, दंत्य स. तिसरा पैसा आणखी दोन वर्षांनी मिळाला. त्यावर गाठ जेमतेम काठाला होती, पण खालची ओळ पूर्ण होती, 'सीव', दीर्घ वेलांटीसकट, आणि तिच्याखाली ठिपक्यांची कड.

तिन्हींचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच उंचीवरून काढले, गिंपमध्ये एकावर एक ठेवले, पारदर्शकता निम्मी केली, गाठीवर गाठ जुळवली... आणि स्क्रीनवर सगळा मजकूर दिसला : 'श्री राजा सीव', भोवती पाऊण वर्तुळ ठिपके. तिन्ही पैशांची मिळून किंमत सहाशे रुपयांच्या आत. हा पूर्ण मजकूर कुठल्याही एका नाण्यावर नाही. तिन्ही जवळ असतील तरच तो आहे. मला या छंदाची चटक का लागली असं कोणी विचारलं तर मी हेच चित्र दाखवतो.

ठसा जुळला की पुढचा प्रश्न येतो, हा पाडला कधी? आणि इथे जरा सांभाळून बोलायला हवं, कारण बाजारात सगळ्यात जास्त थापा याच जागी मारल्या जातात.

मुघल पैशावर सहसा हिजरी साल असतं, राज्यारोहणाचं वर्ष असतं, टांकसाळीचं नाव असतं. (ते चकतीवर येईलच असं नाही, पण ठशावर असतं.) 'श्री राजा शिव' असलेल्या साध्या शिवराईवर यातलं काहीच नाही. ना टाइमस्टँप, ना सर्व्हरचं नाव. तरीही किल्ल्यांच्या पायथ्याशी, प्रदर्शनांत, इंटरनेटवर सर्रास ऐकायला मिळतं, "ही राज्याभिषेकाच्या वेळची आहे, गॅरंटी!" आणि बाप आपल्या पोरासाठी चार पैसे जास्त मोजून ती घेतो, कारण महाराजांच्या काळची वस्तू घरात असावी असं कोणाला वाटणार नाही? त्या भावनेशी माझं भांडण नाही. पण गॅरंटी देणाऱ्याकडे ती देण्यासारखं काहीही नसतं.

कागद काय सांगतात ते बघा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला आहे, पेशवे दफ्तरातल्या नोंदींवरून. त्यात १७४४ साली नानासाहेब पेशव्यांनी नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना टांकसाळ घालायचा परवाना दिल्याचा उल्लेख आहे. मुदत तीन वर्षं, फी पहिल्या वर्षी ५० रुपये, मग ७५, मग १००. पैशाचं वजन १० मासे ठरवून दिलेलं. तसाच परवाना रेवदंड्याच्या बहिरो राम दातारांना, तिथे वजन सव्वानऊ मासे. तोळ्याचे बारा मासे आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर हे झाले सुमारे ९.७ आणि ९ ग्रॅम. तोळा सगळीकडे अगदी सारखा नव्हता, तरी अंदाज येतो.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, राज्याभिषेकानंतर सत्तर वर्षांनीही तांब्याचे पैसे नव्याने पाडले जात होते आणि तेही ठेक्याने, गावोगावच्या खाजगी टांकसाळींत. दोन, वजन टांकसाळीगणिक वेगळं होतं. म्हणून मी प्रत्येक पैशाचं वजन दशांशासकट टिपून ठेवतो. माझ्याकडे आठ ग्रॅमच्या आहेत, नऊच्या आहेत, अकराच्या आहेत, एक-दोन तेराच्या घरातल्याही आहेत. वजनदार, सुबक अक्षरांच्या, ठसठशीत ठिपक्यांच्या शिवराया जुन्या असाव्यात असा अभ्यासकांचा कल आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण नऊ ग्रॅमची शिवराई हातात आली म्हणून ती रेवदंड्याची ठरत नाही, आणि तेरा ग्रॅमची आली म्हणून ती १६७४ ची ठरत नाही. झीज किती झाली, चकती मुळात किती नेमकी कापली होती, सगळं धरावं लागतं.

दुसरी एक थाप जास्त हुशार असते. शंभु, राम, शाहू अशी नावं असलेले छत्रपतींचे पैसेही अभ्यासकांनी नोंदले आहेत आणि ते खरंच कमी दिसतात. मग अर्धवट झिजलेल्या 'शि'वरचा ओरखडा हा अनुस्वार आहे असं सांगून साधी शिवराई 'संभाजी महाराजांची' म्हणून दसपट किमतीला खपवली जाते. यावर उपाय एकच. ज्या नाण्यावर दोन्ही अक्षरं दिसतात ते शोधायचं आणि मग झिजलेलं नाणं त्याच ठशाचं आहे का ते बघायचं. म्हणजे पुन्हा ढिगाकडेच यायचं.

नकली शिवराया ओळखायलाही हीच पद्धत कामाला येते. इतक्या स्वस्त नाण्याची नक्कल कोण करेल असं वाटतं, पण पूर्ण अक्षरांच्या शिवराईला भाव आहे म्हटल्यावर ओतीव नकला निघाल्याच. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, कडेला साच्याची शिवण. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे दोन नाणी एकमेकांसारखी तंतोतंत असणं. हातोड्याने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी त्यांची चकती, मजकुराची जागा, झीज कधीच सारखी नसते. दोन शिवरायांवर मजकूर त्याच जागी कापला गेलाय, तोच ओरखडा त्याच जागी आहे, तर निदान एक तरी साच्यातून आलेली आहे. दोन वेगळ्या फाइलींचा हॅश सारखा आला की आपण काय समजतो? कॉपी. तसंच.

पण नकलांपेक्षाही मोठं नुकसान अस्सल नाण्यांचंच होतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत होतं. त्याचे प्रकार दोन. पहिला म्हणजे चिंच आणि रांगोळी. तांबं दिसलं की ते लख्ख केलंच पाहिजे असे आपल्या घरांतले संस्कार. पण तांब्यावर चढलेला तपकिरी-हिरवट थर हाच त्याचं कवच असतो आणि बारीक वेलांट्या त्या थराखालीच टिकलेल्या असतात. चिंचेने घासलेली शिवराई नव्या गडव्यासारखी चमकते आणि वाचायला काही उरत नाही.

दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे. शेतात नांगराला मडकं लागतं, त्यात शे-दोनशे पैसे असतात. कायदा सांगतो (१८७८ चा निखात निधी कायदा, इंग्रजांच्या वेळचा) की जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवायचं. भीतीपोटी, कटकटीपोटी बहुतेक जण कळवत नाहीत. मग त्यातली दिसायला बरी नाणी एका दलालाकडे, उरलेली दुसऱ्याकडे, अगदीच झिजलेली मोडीत किलोवर. वास्तविक शिवराईचा काळ ठरवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ते मडकंच! त्यात शिवरायांच्या बरोबर एखादा आदिलशाही पैसा किंवा साल वाचता येणारा औरंगजेबाचा रुपया असेल, तर त्या मडक्यातल्या सगळ्या शिवरायांबद्दल काहीतरी ठाम बोलता येतं. मडकं फुटून चार दुकानांत गेलं की तीच नाणी मुकी होतात. नाणं उरतं, त्याचा पत्ता जातो. आणि एकदा गेलेला पत्ता कुठल्याच किमतीला परत मिळत नाही.

म्हणून मी विकणाऱ्याला आता किंमत विचारायच्या आधी विचारतो, "कुठून आली?" दहातले आठ जण "गावाकडनं" म्हणतात. उरलेले दोन तालुका सांगतात. एखादा सांगतो, "नगरकडच्या एका वाण्याच्या जुन्या पेटीतनं, सगळी एकत्रच होती." अशा वेळी मी ती सगळी घेतो, त्यातली निम्मी पार गुळगुळीत असली तरी. ती एका पाकिटात ठेवतो, वर तारीख, विकणाऱ्याने सांगितलेलं ठिकाण आणि वजनं. अमेरिकेतले मित्र सुट्टीवर आले की म्हणतात, "त्यातल्या दोन-चार दे की, तिकडे घेऊन जातो." त्यांना नाही म्हणावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि कायदा नसता तरी पाकीट फोडलं नसतं.

शिवराईचा शेवट कसा झाला तेही सांगून टाकतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण शिवराई काही त्या दिवशी थांबली नाही. दख्खनच्या बाजारांत ती एकोणिसाव्या शतकात बराच काळ चालत होती. मोल्सवर्थच्या कोशात शिवराई हा शब्द पैशाचं नाव म्हणून आहे, कारण त्याच्या आसपासचे लोक तो रोज वापरत होते. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली. त्यातला पाव आणा १०० ग्रेनचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमचा. यंत्रावर पाडलेला, गोल गरगरीत, प्रत्येकावर सगळी अक्षरं. त्याच्या शेजारी नऊ-दहा ग्रॅमची शिवराई ठेवा. चलन म्हणून दोन्ही पैसेच, पण तांबं शिवराईत जास्त. मग तांबटाच्या मुशीत आधी कोण जाणार हे सांगायला नको. आपल्या आजी-पणज्यांच्या हंडे-घागरींत किती शिवराया मुरल्या असतील कोण जाणे.

म्हणूनच "राज्याभिषेकाची गॅरंटी" मला थोडी कोती वाटते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. छत्रपती बदलले, कारभार पेशव्यांकडे गेला, टांकसाळी ठेकेदारांकडे गेल्या, कोरणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं, तरी शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक नवे ठसे त्याच तीन शब्दांचे झाले. हे कोणा एका राजाच्या हुकमाने होत नाही. बाजारात बसलेल्या लोकांना तेच नाव पैशावर हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो. ही गोष्ट एका होनावरून कळत नाही. त्याला पन्नास रुपयेवाला ढीगच लागतो.

तुमच्या घरी देवघरात, जुन्या डब्यात, आजीच्या बटव्यात असा एखादा काळपट पैसा असेल तर एक विनंती. चिंच लावू नका. आधी उजेडात तिरपा धरून बघा, तळाच्या ओळीत 'श' आहे की 'स', वेलांटी पहिली की दुसरी. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हा कुठून आला, आणि जे सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पैशाबरोबरच ठेवा. पैसे माझ्या यादीत पुष्कळ आहेत, चिठ्ठ्या फार कमी.